जो तास सक्तीचा नाही

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॅथलिक हायस्कुलांच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की तो सुरू होताच वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले वह्या घेऊन उठतात आणि दुसऱ्या खोलीत, नाहीतर प्रयोगशाळेत, तिथेही जागा नसेल तर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसतात. तिथे कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, चालतो. मागे राहतात त्यांना ‘मॉरल सायन्स’, मराठी माध्यमात ‘मूल्यशिक्षण’. मुंबईच्या एखाद्या उपनगरात उठून जाणारी मुले वर्गात वीस असतील, मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेत दोनच. वसईच्या काही गावांत चित्र उलटे होते. तिथे उठून जाणाऱ्यांचाच वर्ग मोठा, मागे उरणारे मोजके. मी मागे उरणाऱ्यांपैकी होतो. उठून जाणाऱ्यांचा आम्हांला हेवा वाटे, कारण त्यांना वर्गाबाहेर पडायला मिळे. ते आमचा हेवा करत, कारण आमच्या विषयाची परीक्षा कोणी मनावर घेत नसे. त्या खोलीत नेमके काय चालते हे मात्र आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

शिक्षकांच्या या लेखसंग्रहाची प्रस्तावना एका अख्रिस्ती माणसाकडे का मागितली गेली, याचे उत्तर बहुधा त्या न विचारलेल्या प्रश्नात असावे. कॅथलिक शाळांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. त्यातले निम्मे शिस्त, इंग्रजी आणि डोनेशन यांवर असते आणि उरलेले धर्मांतराच्या संशयावर. शाळेच्या आत मुलांचे धर्मजीवन कसे असते, ते कोण सांभाळते आणि त्यासाठी दिवसातला कोणता वेळ मिळतो, याबद्दल जवळजवळ काहीच नसते. अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कुलांत या कामाला ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ म्हणतात. त्यासाठी स्वतंत्र खोली असते, पगारी माणूस असतो, वर्षाच्या सुरुवातीला छापलेले रिट्रीटचे वेळापत्रक असते. आपल्याकडे काम सगळे असते, पदनाम नसते. मुख्याध्यापिका सिस्टर, चर्चमधले असिस्टंट फादर, गायनाचे सर, समुपदेशक बाई आणि कॅटेकिझमचा तास गळ्यात पडलेले दोन-चार शिक्षक मिळून ते ओढत असतात.

वर्गाचे हे दोन भाग कशामुळे झाले, हे आधी पाहिले पाहिजे. संविधानाच्या कलम 28 चे तिसरे उपकलम म्हणते, की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या पैशातून मदत मिळणाऱ्या शाळेत जाणाऱ्या कोणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. त्याची स्वतःची संमती हवी आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचेच नाही. अनुदानित मिशन शाळा मधल्या जागेत पडतात. त्यांनी शिकवावे, पण विचारून. पुढे कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. म्हणजे एक कलम संस्थेचा हक्क राखते आणि दुसरे त्या संस्थेत बसलेल्या मुलाचा. मिशन शाळांवर वाद घालणारे यातले एकच कलम उच्चारतात. कोणते, ते बोलणारा कुठल्या बाजूचा यावर ठरते. या कलमांची चर्चा झाली त्या संविधान सभेत मद्रासच्या लोयोला कॉलेजचे प्राचार्य राहिलेले फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट धर्मगुरू सभासद होते, हेही लक्षात असू द्यावे. ही व्यवस्था चर्चच्या गैरहजेरीत चर्चवर लादली गेली, असे म्हणायला जागा नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘धर्माच्या बाबतीत सक्ती नको’ हे तत्त्व भारतीय मिशन शाळेला 26 जानेवारी 1950 पासून कायद्याने बंधनकारक झाले. खुद्द रोमने ते इतक्या स्पष्टपणे मान्य केले 7 डिसेंबर 1965 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटच्या दिवसांत, धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात. त्याच्या शंभर वर्षे आधी, 1864 मध्ये, पोप नववे पायस यांनी काढलेल्या ‘सिलॅबस’ नावाच्या चुकांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याच्या आधुनिक कल्पनेलाही जागा मिळाली होती. एवढे अंतर चर्चने एका शतकात कापले. आमच्याकडच्या सिस्टरांनी आणि फादरांनी मात्र त्या घोषणापत्राच्या पंधरा वर्षे आधीच वर्गाचे दोन भाग करून ते आचरणात आणले होते, मग त्यामागे निष्ठा असो की शिक्षणाधिकाऱ्यांची भीती. परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी दोन कागद मंजूर केले, एक ख्रिस्ती शिक्षणावरचा आणि दुसरा ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्यावरचा. युरोपातल्या वाचकाला ते दोन वेगळे विषय वाटले असतील. मुंबईत धोबी तलावच्या सेंट झेवियर्समध्ये ते दोन्ही विषय 1869 पासून एकाच बाकावर बसत आले होते.

या संग्रहाच्या निमित्ताने मला म्हणायचे आहे ते एवढेच. सक्ती करता येत नाही, या अडचणीनेच आपल्याकडच्या कॅथलिक शाळेतल्या धर्मजीवनाला त्याचा खरा आकार दिला. जे काही करायचे ते बोलावून करायचे, आणि बोलावल्यावर मूल आले नाही तर त्याचे गुण कापायचे नाहीत. हे व्यवस्थापनातल्या पुष्कळांना अजून जमत नाही. रविवारच्या मिस्सेला हजेरीचे कार्ड ठेवणारे, त्यावर सही-शिक्का मागणारे लोक मला ठाऊक आहेत. कलम 28 ने बिगर-कॅथलिक मुलाला वाचवले, पण कॅथलिक मुलाला वाचवणारे कोणी नव्हते. त्याची संमती जन्मतःच धरून चाललेली असते. दहावीनंतर चर्चकडे फिरकत नाहीत अशी जी मुले दिसतात, त्यांच्यात कार्डावर सगळे शिक्के असलेलीही थोडी नसतात.

कार्डाच्या उलट दिशेचे उदाहरण शोधायचे तर चारशे वर्षे मागे, गोव्यातल्या साष्टीला जावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्याच्या आरंभी एक प्रसंग येतो. रविवारी दुपारी देवळात मुलांना दोत्रिन, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरे, शिकवली जात आहेत. तिथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तर गेली, मग त्यांच्या जागी आम्ही ऐकायचे काय? कॅटेकिझमच्या तासावरचा मराठीतला हा पहिला लेखी आक्षेप म्हणावा लागेल, आणि तो अजून ताजा आहे. स्टीफन्सनी उत्तर म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. याच माणसाने कोकणीत ‘दोत्रिन क्रिस्तां’ हे प्रश्नोत्तरांचे पुस्तकही केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, छापून निघाले. प्रश्नोत्तरे पाठ करून घेता येतात आणि तपासता येतात. पुराण ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याचे काय झाले हे तपासायची सोय नसते. शाळेला स्वभावतः प्रश्नोत्तरे आवडतात. म्हणून आजही अनेक शाळांत धर्मशिक्षणाच्या पेपरात सात संस्कारांची नावे लिहा, दहा आज्ञा क्रमाने लिहा, असे प्रश्न येतात आणि मुले पैकीच्या पैकी गुण घेऊन मोकळी होतात.

वर्गाबाहेरच्या धर्मजीवनाची परंपराही जुनी आहे. 1563 साली रोममधल्या जेझुइट कॉलेजात जाँ लेऊनिस या तरुण बेल्जियन जेझुइटाने काही विद्यार्थ्यांना तास सुटल्यावर एकत्र बसवायला सुरुवात केली. थोडी प्रार्थना, थोडे वाचन आणि आजारी-गरिबांच्या भेटी असा कार्यक्रम असे. त्यातून मारियेच्या नावाने चालणाऱ्या ‘सोडॅलिटी’ निघाल्या आणि जेझुइटांच्या पाठोपाठ जगभरच्या कॅथलिक शाळांत पोचल्या. आपल्याकडच्या जुन्या मिशन शाळांच्या वार्षिक अंकांत निळ्या फिती लावलेल्या मुलांचे सोडॅलिटीचे गट-फोटो सापडतात. पुष्कळ ठिकाणी प्रकरण त्या फोटोपुरतेच राहिले.

एका ठिकाणी मात्र राहिले नाही. कोलकात्याच्या एन्टाली भागात लोरेटो सिस्टरांच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. तिथली सोडॅलिटी फादर ज्युलियन हेन्री हे बेल्जियन जेझुइट चालवत. मुली गटागटाने बाहेर पडत. काही जणी रुग्णालयात जात, काही भिंतीपलीकडच्या मोतीझील वस्तीत. शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवणाऱ्या आणि 1944 पासून मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरना संघाच्या नियमामुळे असे बाहेर हिंडता येत नसे. मुली जाऊन येत आणि वस्तीत काय पाहिले ते सांगत. 1948 मध्ये त्या सिस्टर परवानगी घेऊन कायमच्या बाहेर पडल्या आणि त्याच मोतीझीलमध्ये उघड्यावर शाळा भरवू लागल्या. 19 मार्च 1949 रोजी त्यांच्याकडे पहिली मुलगी आली ती त्यांचीच विद्यार्थिनी, सुभाषिनी दास. तिने ॲग्नेस हे नाव घेतले. ते त्या मुख्याध्यापिकेचे, मदर तेरेसांचे, बाप्तिस्म्याचे नाव. मदर तेरेसांवर लिहिताना 1946 मधल्या दार्जिलिंगच्या आगगाडीतल्या अंतःप्रेरणेला सगळे जण मान देतात, आणि तो द्यावाच. पण त्याआधी कित्येक शनिवार-रविवार शाळकरी मुलींनी भिंत ओलांडून बातमी आणली होती, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. इथे शिक्षिकेची वाट विद्यार्थिनींनी आधी चालून ठेवलेली होती.

सोडॅलिटीनंतर शाळांत आलेली महत्त्वाची चळवळ म्हणजे वायसीएस, ‘यंग ख्रिश्चन स्टुडंट्स’. तिची पद्धत जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूंनी 1925 च्या सुमारास कामगार तरुणांसाठी घडवली. पाहा, पारखा, कृती करा. भारतात या चळवळीने इतर धर्मांच्या मुलांसाठी ‘यंग स्टुडंट्स मूव्हमेंट’ असे दुसरे नावही शेजारी जोडून घेतले, आणि वायसीएस-वायएसएम असा जोडनावाचा कारभार सुरू झाला. ज्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात त्याच वर्गातली मुले या गटात परत एकत्र बसतात. पद्धत दिसायला निरुपद्रवी आहे. अडचण एवढीच, की मुलांना खरोखर पाहायला शिकवले तर ती पहिल्यांदा शाळेकडेच पाहतात. कंत्राटावरच्या सफाईवाल्या मावशींना किती पगार मिळतो? फी थकलेल्या मुलाचे नाव परिपाठात का वाचले जाते? दुसऱ्या पायरीवर येशूचे शब्द घेऊन मुले हे पारखू लागली, की सरांना तिसऱ्या पायरीची धास्ती वाटू लागते. काही शाळांत हा गट वृक्षारोपण आणि शुभेच्छापत्रे यांवर का स्थिरावतो, याचा उलगडा इथे होतो.

वर्षाचा क्रम सांगायचा तर तो जूनमध्ये पवित्र आत्म्याच्या मिस्सेने सुरू होतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती असते, सप्टेंबरात मारियेच्या जन्मोत्सवाआधीचे नऊ दिवस, ऑक्टोबरात रोझरी, डिसेंबरात गोठा आणि कॅरल. डॉन बॉस्कोच्या शाळांत सकाळी ‘गुड मॉर्निंग टॉक’ असतो. संस्थापकांनी तुरिनमधल्या अनाथ-उनाड पोरांना झोपण्यापूर्वी दोन शब्द सांगायची प्रथा पाडली होती. दिवसाच्या शाळेत ती सकाळी आली. जेझुइट शाळांत दिवसअखेर दोन मिनिटे डोळे मिटून दिवसाचा मागोवा घ्यायची, त्यांचे संस्थापक इग्नेशियस यांची, सवय लावतात. यांतल्या बहुतेक गोष्टींना सगळ्या धर्मांची मुले हजर असतात, आणि कोणाला त्यात खटकत नाही. सगळ्यांत मोठी भक्ती तर शाळेच्या वेळापत्रकात नसतेच. दहावीच्या वर्षी मुंबईतली कितीतरी हिंदू मुले आयांबरोबर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला उभी असतात. 1948 पासून चालत आलेल्या त्या नोव्हेनाला कोणी कधी संमतीपत्र मागितलेले नाही. उपवासकाळ आणि बोर्डाची परीक्षा साधारण एकाच मोसमात येतात. त्या दिवसांत मॉरल सायन्सवाले आणि कॅटेकिझमवाले यांतला फरक मेणबत्तीच्या दुकानदारालाही सांगता येणार नाही.

रिट्रीट हा प्रकार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. लोणावळा-खंडाळ्याला धर्मसंघांची घरे आहेत. तिथे, नाहीतर शाळेच्याच सभागृहात, नववी-दहावीची मुले एक-दोन दिवस बसतात. मोबाइल जमा होतात. खेळ होतात, गाणी होतात, मग संध्याकाळी केव्हातरी घरून आलेली पाकिटे वाटली जातात. आईवडिलांनी मुलाला लिहिलेले पत्र त्यात असते. जे वडील गुणपत्रिकेवर सही करण्यापलीकडे मुलाशी बोलत नाहीत, त्यांनाही सिस्टर पत्र लिहायला लावतात. मुले रडतात. या रडण्याबद्दल माझे मत थोडे राखून आहे. थकलेल्या, घरापासून लांब असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला रडवणे अवघड नसते, आणि त्यालाच धर्मानुभव म्हणून मोकळे होणारे वक्तेही असतात. चांगला रिट्रीट घेणारा माणूस रडणे झाल्यावर मुलांना दोन तास गप्प बसू देतो, एकट्याने झाडाखाली, वही घेऊन. शाळेच्या बारा वर्षांत मुलाला न बोलण्यासाठी मिळालेला हा बहुधा एकुलता एक अधिकृत वेळ असतो.

याच ठिकाणी एक कडू विषय टाळता येणार नाही. जगभरच्या कॅथलिक संस्थांत धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांची आणि ती वरिष्ठांनी झाकल्याची प्रकरणे बाहेर आली आहेत. कुमसाराची, म्हणजे पापांच्या कबुलीची, खोली, रात्रीचा मुक्काम, एकट्या मुलाशी एकट्या मोठ्या माणसाचे बोलणे, या सगळ्या जागा आज वेगळ्या नजरेने पाहाव्या लागतात. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असलेल्यावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली. शहाण्या शाळांनी साधे बदल केले. फादर कुमसार ऐकतात ते आता उघड्या मैदानात, दोन खुर्च्या टाकून, सगळ्यांना दिसेल पण कोणाला ऐकू येणार नाही अशा अंतरावर. काही जुन्या लोकांना यात संस्काराचे गांभीर्य कमी झाल्यासारखे वाटते. मला वाटत नाही.

आता थोडे जिल्ह्यांकडे. कॅथलिक शाळा म्हटले की मुंबई-पुण्याच्या दगडी इमारती डोळ्यांपुढे येतात. पण ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्याही आत असलेल्या या राज्यात कॅथलिकांचे एक मोठे ग्रामीण केंद्र अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आहे. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय ही तिथली जेझुइटांची नावाजलेली मराठी शाळा. हरेगावला 1949 पासून मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा भरते. या भागातले बरेच ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या दलित जातींतले. अनुसूचित जातींच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आधी फक्त हिंदूंचा समावेश होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. परिणामी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी चर्चमध्ये दुसरा, असे घरोघरी आढळते. आता तास सुरू झाल्यावर या मुलाने उठून जायचे की बसून राहायचे? कॅटलॉग म्हणतो बस. आजी म्हणते जा. शिक्षकाने जाहीरपणे नाव घेऊन उठवले तर उद्या शिष्यवृत्तीच्या कागदाला अडचण येऊ शकते. म्हणून अशा शाळांत धर्मशिक्षण बहुतेक शाळेतून निघून बोर्डिंगच्या संध्याकाळी गेले. तिथे पेटी आणि ढोलकीवर भजने होतात, बायबलमधली गोष्ट सांगितली जाते आणि कॅटलॉग कोणी उघडत नाही. संमतीचा प्रश्न मुंबईत कायद्याचा असतो. इथे तो पोटाचा आहे.

वसईची गोष्ट याहून निराळी. 1534 ते 1739 या पोर्तुगीज काळात इथल्या गावांचा धर्म बदलला, बोली बदलली नाही. नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर मारले गेलेले आणि 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झालेले गोन्सालो गार्सिया याच मातीतले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली आणि वसईच्या कॅथलिक समाजाने मराठीला धर्मभाषा म्हणून असे काही उचलून धरले, की ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पण त्याच काळात पालकांनी मुले इंग्रजी माध्यमात घालायला सुरुवात केली आणि चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले. आज तिथले मूल घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, आजीबरोबर मराठीत रोझरी म्हणते आणि कॅटेकिझम इंग्रजीत पाठ करते. पाप या शब्दाने आजीला जे कळते ते नातवाला इंग्रजी शब्दाने कळत नाही, आणि नातवाच्या शंका आजीला मराठीत मांडता येत नाहीत. भाषिक अस्मितेवर भाषणे करणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट एकदा लक्षात घ्यावी.

शहरातल्या नामांकित शाळांपुढचे दुखणे आणखी वेगळे आहे. 31 जुलै 1973 रोजी स्पेनमध्ये वालेन्सियाला जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आपल्या शाळांचे काम, असे सांगून त्यांनी उघड विचारले, की आम्ही तुम्हांला न्यायासाठी शिकवले का? आणि उत्तरही स्वतःच दिले, की नाही. श्रोत्यांतले बडे लोक चिडले, काहींनी संघटनेतून अंग काढून घेतले. ते भाषण आजही जेझुइट शाळांत पुनःपुन्हा सांगितले जाते, आणि त्यातला ‘इतरांसाठी’ हा भाग सोयीस्करपणे ब्रीदवाक्यासारखा भिंतीवर लागतो. चिडलेले श्रोते मात्र भिंतीवर येत नाहीत. प्रवेशाच्या रांगेत झोपडपट्टीतल्या मुलाला कितवा नंबर मिळतो, यावर शाळेच्या धर्मजीवनाची परीक्षा मला करावीशी वाटते. प्रार्थनागृहाची रंगरंगोटी त्यानंतर पाहू.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर भीतीची छाया आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आसामात एका संघटनेने मिशन शाळांतले क्रूस आणि मूर्ती काढा, फादर-सिस्टरांनी शाळेत धर्मवस्त्रे घालू नयेत, असा जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, शक्य असल्यास आवारात सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवा. महाराष्ट्रातल्या शाळांना उद्देशिकेत नवे काही नव्हते. ती इथे आधीपासून म्हटली जाते. सूचना वाचून काही कॅथलिकांना वाटले, की हे नमते घेणे झाले. काही बिगर-कॅथलिकांना वाटले, की म्हणजे आजवर लादत होते तर! मला त्या सूचनांत 1950 ची जुनी अट पुन्हा, या वेळी चर्चच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, लिहिलेली दिसली. भीतीपोटी लिहिलेली गोष्ट खरीही असू शकते.

भीतीचा एक परिणाम मात्र नुकसानीचा आहे. सावधगिरी म्हणून शाळा धर्माबद्दल बोलणेच बंद करतात. मॉरल सायन्सच्या पुस्तकातून येशू गेला, तसे तुकाराम आणि बुद्धही गेले, आणि उरले ते वेळेचे नियोजन, स्वच्छता, आत्मविश्वास. ज्या शाळेच्या दाराशी क्रूस आहे तिथल्या मुलांनाच मरण, क्षमा, देव असे शब्द मोठ्याने उच्चारायची चोरी झाली. अशा वर्गात एखाद्या मुलाचे वडील अचानक गेले, तर सोमवारी त्याच्या बाकाशेजारी उभे राहून काय बोलायचे हे कोणाच्याच पुस्तकात नसते.

आणि बोलणार कोण? संघात येणाऱ्या फादर-सिस्टरांची संख्या घटत चालली आहे. आजच्या कॅथलिक हायस्कुलात अनेकदा एकच सिस्टर असतात, मुख्याध्यापिकेच्या खोलीत, शालार्थची पगारबिले आणि यू-डायसची माहिती भरत. शिक्षकांतले बहुतेक हिंदू, काही मुस्लिम, थोडे ख्रिस्ती. परिपाठातली येशूची प्रार्थना अनेक ठिकाणी कुलकर्णी किंवा शेख आडनावाच्या बाई सांगतात, आणि मन लावून सांगतात. कॅटेकिझमला मात्र कॅथलिक शिक्षक लागतो. तो विज्ञानाचा असतो, हिंदीचा असतो, पीटीचाही असतो. जूनमध्ये वेळापत्रक करताना त्याला विचारले जाते, ‘सर, तुम्ही कॅथलिक ना? मग एवढा एक तास घ्या.’ धर्मशास्त्राचे शिक्षण नाही, प्रशिक्षण म्हणून धर्मप्रांताचे एखादे सुट्टीतले शिबिर, आणि समोर अकरा ते सोळा वर्षांची मुले, ज्यांना डायनोसॉर आणि आदाम यांचा हिशेब एकत्र हवा असतो.

या संग्रहातले बहुतेक लेखक असेच जूनमधल्या एका सकाळी त्या खोलीत ढकलले गेलेले आहेत. त्यांच्यात एक भूमितीच्या बाई आहेत, एक चित्रकलेचे सर आहेत, आणि मागे उरलेल्या मुलांना मूल्यशिक्षण देणाऱ्या दोघी जणीही आहेत. त्यांचे आपसांत पटलेले नाही आणि संपादकांनी ते पटवून देण्याचा खटाटोप केलेला नाही. हजेरीच्या कार्डाची बाजू घेणारा एक लेखही आत आहे. तो मला मुळीच पटला नाही, पण वाचकांनी तो आधी वाचावा.